काळ्या पोटाची माशी

'माश्या मारणे' हा वाक्प्रचार आपण रिकामटेकड्या माणसासाठी राखून ठेवला आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी तो अक्षरशः आचरणात आणला. जून १९८४ पासून पुढचे सहा महिने रोज संध्याकाळी मी माश्यांना ईथरची गुंगी देत होतो, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्या ओतत होतो, कुंचल्याच्या टोकाने एकेक बाजूला सारून मोजत होतो आणि मोजून झाल्या की मारत होतो. आई शेजारणींना सांगे, "कॉलेजात प्रयोगाचं काम करतो." वडील स्पष्टवक्ते. ते म्हणत, "माश्या मारतो." दोघांचेही खरे होते.

त्या काळी बेळगावची कॉलेजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ड्रोसोफिला नावाची माशी असे, म्हणजे आपले चिलट. केळी जरा जास्त पिकली की कोठून तरी येऊन टोपलीवर घिरट्या घालणारे, दीड-दोन मिलिमीटरचे, लाल डोळ्यांचे. ही माशी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांनी बाटल्यांतून वाढवली, १९१० साली त्यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि आनुवंशिकीचे पुस्तक तिथून पुढे नव्याने लिहिले गेले, एवढे आम्हाला पाठ होते. पण ती माशी आपल्याच स्वयंपाकघरात आहे, याची कल्पना नव्हती. आमच्या सरांनी ती दिली. त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या प्रॅक्टिकलच्या जोडीदाराकडे एक लहानसे काम सोपवले. शहरातल्या घरांत आणि फळबाजारात कोणकोणत्या जातींच्या ड्रोसोफिला मिळतात, आणि प्रत्येक जातीत नर किती, मादी किती, याची दर आठवड्याला नोंद करायची. "माणसाची जात विचारू नये," सर म्हणाले, "माशीची विचारल्याशिवाय चालत नाही."

माझा जोडीदार बैलहोंगलकडचा. सगळे शिक्षण कन्नडमध्ये झालेले. मराठी तो बेळगावात येऊन, खोलीमालकिणीकडून शिकला होता. त्यामुळे त्याच्या मराठीत भांडी घासण्याचे आणि भाडे मागण्याचे शब्द उत्तम होते, बाकीचे जेमतेम. मी शहापूरचा. माझे कन्नड बसच्या पाट्या वाचण्यापुरते. पहिल्याच दिवशी आम्ही नावांचा हिशेब केला. मी म्हटले, "चिलट." तो म्हणाला, "नोण." मग कळले की नोण म्हणजे कुठलीही माशी, आणि हिला वेगळे काढायचे तर 'हण्णिन नोण', फळावरची माशी, म्हणावे लागेल. मराठीतही 'फळमाशी' म्हणता आले असते, पण शेतकऱ्याची फळमाशी निराळी. आंब्याला, पेरूला डंख करून आत अळी सोडते ती मोठी माशी. तिचे कुल वेगळे. आमची बिचारी नासक्या फळावरच्या किण्वावर, यीस्टवर जगणारी. म्हणजे घरच्या दोन्ही भाषा या बाबतीत अपुऱ्या होत्या आणि लॅटिन आम्हा दोघांनाही सारखेच परके. एका अर्थी आम्ही समान पातळीवर आलो.

कामाला सुरुवात झाली. बाटलीत कुस्करलेले केळे, वर चिमूटभर यीस्ट, आणि ती बाटली कोणाच्या तरी स्वयंपाकघरात दोन दिवस ठेवायची. आमच्या गल्लीत मी घरोघर जाऊन "मावशी, तुमच्या घरातली चिलटं पाहिजेत" असे म्हणू लागलो तेव्हा पहिल्या दोन मावश्या रागावल्या. आमच्याकडे चिलटे नाहीत, आम्ही स्वच्छ राहतो, असे त्यांनी बजावले. तिसरीने बाटली ठेवून घेतली. ती भरून निघाली तेव्हा ती आळीभर सांगत सुटली की कॉलेजातले लोक माझ्याकडच्याच माश्या नेतात. मग सगळ्यांकडे चिलटे निघाली.

प्रयोगशाळेत माश्या वाढवण्यासाठी रवा, गूळ आणि आगर-आगर शिजवून त्यात जरासे प्रोपिऑनिक आम्ल घालत. हे मिश्रण शिजत असताना शिऱ्याचा वास सुटे. आमच्या विभागाचा अटेंडर ते ढवळताना देवाचा प्रसाद ढवळावा तसा गंभीर चेहरा करी. आम्ही उपाशीपोटी आलो असलो तर आमची परीक्षाच असे.

आता ओळखायचे कसे? द्विपंखी कीटकांच्या गणातले हे एक कुल. त्याची खूण म्हणजे पंखाची पुढची कडेची शीर दोन ठिकाणी तुटलेली असते, आणि मिशीवरचा केस पिसासारखा दुतर्फा फाटे फुटलेला असतो. एवढे जमले की कुल कळले. पुढे वंश, मग जाती. एकट्या ड्रोसोफिला वंशातच दीड हजारांहून अधिक जाती आहेत. पण सुरुवातीला आम्हाला लागोपाठ अशा माश्या मिळाल्या की आम्हाला वाटले, यात अवघड काय? एक तपकिरी माशी आली, तिच्या कपाळापासून पाठीवरून मागेपर्यंत काळ्या कडांचे रुपेरी पट्टे, जणू रांगोळीच्या रेघा. शाळकरी मुलानेही ओळखावी. सर म्हणाले, ही झाप्रिओनस इंडियानस. तिचे वर्णन जे. पी. गुप्ता यांनी १९७० मध्ये केले, म्हणजे आमच्या वेळी हे नाव जेमतेम चौदा वर्षांचे होते. 'इंडियानस' ऐकून आम्हाला स्वदेशीचा अभिमान वाटला. पुढे पुष्कळ वर्षांनी वाचले की ती मूळची आफ्रिकेची मानतात. १९९९ मध्ये ती ब्राझीलमध्ये पोचली, तिथल्या अंजिरांच्या बागांना तिने जेरीस आणले, आणि इंग्रजीत तिला 'आफ्रिकेची अंजीरमाशी' म्हणू लागले. शास्त्रीय नावात मात्र ती भारतीयच राहिली. दुसरी एक जात मिळाली, तिच्या नराच्या कपाळाला उजेडात चांदीची झाक येई. ती नासुटा. अशा ठसठशीत माश्या माझ्या जोडीदाराने आपल्याकडे घेतल्या. लहान, तपकिरी, पोटावर आडवे पट्टे असलेल्या, संख्येने सर्वांत जास्त असलेल्या माश्या माझ्या वाट्याला आल्या. खरे सांगायचे तर मीच त्या मागून घेतल्या. कारण त्यांत मेलानोगास्टर होती, मॉर्गनची माशी, आणि पुस्तकातल्या माशीवर माझा हक्क आहे असे मला वाटत होते.

मेलानोगास्टर हे नाव १८३० मध्ये माइगेन या जर्मन कीटकतज्ज्ञाने दिले. मूळ शब्द ग्रीक. अर्थ, काळ्या पोटाची. खरे तर पोट काळे असते ते नराचे, तेही मागच्या टोकाला. मादीचे पोट टोकापर्यंत पट्ट्यापट्ट्यांचे आणि शेवटी निमुळते. पहिल्या आठवड्यात सरांनी शेजारी बसून दाखवले, मी बरोबर ओळखल्या, त्यांनी मान हलवली आणि ते आपल्या तासांच्या, पेपरांच्या कामात बुडाले. त्यानंतर माझी पद्धत ठरून गेली. फरशीवर माश्या ओतायच्या. बूड काळे, नर, डावीकडे. बूड पट्ट्यांचे, मादी, उजवीकडे. मिनिटाला तीस-चाळीस माश्या मी वेगळ्या करू लागलो. हात इतका बसला की भिंगाची गरजही क्वचितच लागे. नावानेच सांगितले होते कुठे पाहायचे. मी तेवढेच पाहत होतो.

ऑगस्टपासून वहीत एक गोष्ट दिसू लागली. नर कमी. आधी वाटले, योगायोग. सप्टेंबरात तर शंभरात तीससुद्धा नर भरेनात. गणपतीच्या सुटीनंतर मी दर आठवड्याचे आकडे आलेखावर मांडले आणि ती उतरती रेघ पाहून मला झोप येईना. सरांना दाखवले तेव्हा तेही खुर्चीत पुढे सरकले. १९२८ मध्ये गेर्शेन्सन या रशियन शास्त्रज्ञाने ड्रोसोफिलाच्या एका जातीत असे नर दाखवले होते की ज्यांना जवळजवळ सगळ्या मुलीच होतात; क्ष गुणसूत्रातल्या दोषामुळे. सर म्हणाले, "असं काही असेल असं मी म्हणत नाही. पण शुद्ध ओळ वाढव, कुमारी माद्या वेगळ्या कर आणि माहीत असलेल्या नरांशी जुळव. मग बोलू." त्यांनी 'असं मी म्हणत नाही' म्हटले होते. मी फक्त 'असं काही असेल' एवढेच ऐकले. जानेवारीत विभागाची चर्चासभा होती. तिथे हा पेपर मी वाचायचा असे ठरले, आणि मी मनातल्या मनात त्याचे शीर्षक रोज बदलत होतो.

आलेखाच्या वहीत एक लहानशी गोष्ट आणखी होती, ती त्या वेळी कोणी पाहिली नाही, मीही नाही. माझ्या 'माद्यां'पैकी काही जरा लहान आणि फिकट असत. समासात मी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, 'उपाशी?' बाटलीत अळ्यांची गर्दी झाली की माश्या खुरटतात, हे पुस्तकात होते. म्हणजे शंका आली होती. तिला मी लगेच उत्तरही देऊन टाकले होते.

कुमारी माद्या गोळा करणे हे पहाटेचे काम. कोशातून बाहेर पडल्यावर पहिले सात-आठ तास मादी नराला जवळ येऊ देत नाही. तेव्हा आधी बाटली साफ रिकामी करायची आणि नंतर त्या वेळेत निघालेल्या माश्या वेगळ्या करायच्या. नुकत्या निघालेल्या माशीचा रंग फिका असतो, तिचा रंग पाहू नये, असे पुस्तक बजावते. म्हणून मी शहाणपणाने चार-पाच तास थांबे, नरांचे बूड काळे पडू देई आणि मग निवडे. नोव्हेंबरात अशा दहा कुमारी माद्या एका बाटलीत ठेवल्या. दोन दिवसांनी त्यांत नर सोडायचे होते. काही कारणाने ते राहिले, आणि पाचव्या दिवशी पाहतो तो रव्याच्या थरात अळ्या वळवळताहेत.

कुमारी मादी अंडी घालू शकते, पण ती फुटत नाहीत. अळ्या म्हणजे आत नर होता. आणि माझ्या निवडीत नर असणे शक्य नव्हते. दहाही बुडे मी स्वतः पाहिली होती. मग कोणी तरी बाटलीचा कापसाचा बोळा काढला असणार. त्या फळीवर हात लावणारे दोघेच. एक मी.

मी त्याला विचारले ते सगळ्यांच्या देखत. प्रॅक्टिकल चालू होते, दहा-बारा जण होते. तो म्हणाला, "मी बोळा काढला नाही. तुझ्या बाटलीला मी हात लावत नाही की." मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. सहा महिन्यांचा आलेख, चर्चासभा, ते शीर्षक, सगळे त्या अळ्यांबरोबर वळवळत होते. मी म्हणालो, "तुम्हा लोकांना एकदा सांगितलेलं कळतच नाही."

'तुम्हा लोकांना.' त्या वर्षांतले बेळगाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दोन शब्दांचे वजन सांगायला नको. गावाचे नाव कोणत्या लिपीत आधी लिहावे यावरून जिथे दुकानांच्या काचा फुटत, तिथे मी ते प्रयोगशाळेत बोललो होतो. खोलीत स्टोव्हचा आवाज तेवढा राहिला. आमच्यातली मराठी मुले खाली पाहू लागली, कन्नड मुले त्याच्याकडे पाहू लागली. तो काही बोलला नाही. त्याने स्लाइड पुसली, जर्नल बंद केले, आणि तास संपेपर्यंत आपल्या जागेवर बसून राहिला.

त्यानंतरचे तीन दिवस आम्ही एकाच टेबलावर, एकाच ईथरच्या बाटलीवर काम केले आणि एक शब्द बोललो नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी निघालो होतो तेव्हा त्याने हाक मारली. "या. हे बघा जरा."

तोवर आम्ही एकमेकांना 'तू'च म्हणत आलो होतो. त्याच्या तोंडचे ते 'या' आणि 'बघा' मला अजून ऐकू येते.

मायक्रोस्कोपखाली स्लाइडवर एक पाय होता. माशीचा पुढचा पाय, फक्त तळपायाचे पेर. तो म्हणाला, "ही तुमच्या बाटलीतली. दहातली एक." मी पाहिले. पेरांवर आखूड, काळे, जाड दाते होते. एकामागून एक आडव्या ओळींत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, पहिल्या पेरावर आणि दुसऱ्यावरही. ती फणी होती. ड्रोसोफिलाच्या काही जातींच्या नराला पुढच्या पायावर अशी फणी असते. मादीला कधीही नसते. शेजारी त्याने दुसरी स्लाइड लावून ठेवली होती. काळ्या बुडाच्या, निर्विवाद मेलानोगास्टर नराची. तिथे पहिल्या पेरावर एकच फणी, दहा-बारा दात्यांची, आपल्या शिसवी फणीसारखी सलग. दोन्ही नरच. एकाचे पोट काळे, एकाचे नाही. दोन निराळ्या जाती.

त्याने त्या तीन दिवसांत, मी गेल्यावर बसून, माझ्या बाटलीतल्या दहाही माश्यांचे पाय तपासले होते. दोन नर निघाले. आपल्यावरचा आळ खोटा आहे हे त्याला ठाऊकच होते. मग त्या माश्यांत काय आहे, हे तो शोधत बसला. मला त्याच्या जागी हे सुचले नसते. मी बोळ्यावरून भांडत राहिलो असतो.

ती दुसरी जात म्हणजे अनानासी. डोलेशाल याने १८५८ मध्ये इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरच्या माशीवरून तिचे वर्णन केले, नाव अननसावरून. आपल्याकडे ती घरोघर आहे. बनारस हिंदू विद्यापीठात तर तिच्यावर कित्येक वर्षे अभ्यास झाला आहे, कारण तिच्या नरात गुणसूत्रांची अशी अदलाबदल होते जी मेलानोगास्टरच्या नरात सहसा होत नाही. अनानासी जराशी लहान, जराशी फिकट. आणि तिच्या नराचे बूड काळे नसते. म्हणजे पावसाळाभर मी काय करत होतो? अनानासीच्या माद्या मेलानोगास्टरच्या माद्यांत घालत होतो, अनानासीचे नरही मेलानोगास्टरच्या माद्यांतच घालत होतो, आणि मग नर कुठे गेले म्हणून रात्री जागत होतो. 'उपाशी?' असे ज्यांच्यापुढे लिहिले होते, त्या भरल्यापोटीच्या दुसऱ्या जातीच्या माश्या होत्या.

सरांकडे जायला मला आणखी दोन दिवस लागले. हे सांगायला बरे वाटत नाही, पण त्या दोन दिवसांत मी दुसराही विचार केला. पायांच्या स्लाइड्स फक्त आम्ही दोघांनी पाहिल्या होत्या. पेपर 'मेलानोगास्टर समूहातील माश्या' अशा सैल नावाने वाचला असता तर कोणी पाय मोजायला येणार नव्हते. जोडीदार बोलला नसता. तो माझ्याशी बोलतच नव्हता. शेवटी मी वही घेऊन गेलो ते धैर्याने नव्हे. तो स्लाइड्सवर चिठ्ठ्या चिकटवताना मला दिसला. तारीख, घर, जात, नर. स्वच्छ अक्षरात. माझ्या वहीत माशी फरशीवरून थेट आकड्यात गेलेली होती, मध्ये कुठे चिठ्ठी नव्हती.

सरांनी सगळे ऐकले. पहिला प्रश्न विचारला, "माश्या ठेवल्यात का?" माझ्या जोडीदाराने आपल्या सगळ्या ठेवल्या होत्या, अल्कोहोलच्या लहान कुप्यांत, आठवड्यावार. मी ऑक्टोबरपासूनच्या ठेवल्या होत्या, त्याही त्याच्याकडच्या कुप्या उरल्या म्हणून. त्याआधीच्या टाकून दिल्या होत्या. "मग ऑक्टोबरपासूनच्या पुन्हा मोजा," सर म्हणाले, "पाय बघून. आधीचं सगळं खोडा." त्यांनी तांबड्या शाईचे पेन पुढे केले. जून ते सप्टेंबर, चार महिने, बावीस पाने. मी पट्टी घेऊन तिरकी रेघ मारत गेलो. सर तोवर चहा पीत होते आणि मध्येच, माझ्याकडे न पाहता, त्यांनी एक हकीकत सांगितली.

मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत जगातले सर्वांत तरबेज माशी ओळखणारे डोळे होते. तरीही १९१९ पर्यंत मेलानोगास्टरशी हुबेहूब मिळणारी एक निराळी जात कोणाच्या लक्षात आली नव्हती. स्टर्टेव्हंट यांनी ती ओळखली. दोन ठिकाणच्या माश्यांचा संकर केला तेव्हा पिल्ले धड होईनात. झाली ती वांझ. मग शोधता शोधता नराच्या जननांगात एक लहानसा फरक सापडला. माद्या तर जवळजवळ सांगताच येत नाहीत. तिचे नाव त्यांनी ठेवले सिम्युलान्स, म्हणजे नक्कल करणारी. "आणि मेलानोगास्टर तरी काय," सर म्हणाले, "मॉर्गन यांनी सुरुवातीला तिच्यावर लिहिलं ते अँपेलोफिला या नावानं. माइगेनचं नाव जुनं, म्हणून ते चाललं." मला धीर द्यायला ते हे सांगत होते की नुसतीच माहिती म्हणून, ते कळले नाही. सरांचे तसेच असे.

मग पुढचे पाच आठवडे आम्ही दोघे पाय पाहत बसलो. मिनिटाला तीस-चाळीस माश्यांवरून मी तासाला तीस-चाळीसवर आलो. माशी पाठीवर उताणी करायची, सुईने पुढचा पाय ताणायचा, भिंग बदलायचे. माद्यांच्या बाबतीत आणखी कष्ट. रंग, आकार आणि शंका उरली तर ती जिवंत बाटलीत एकटी ठेवून तिची मुले वाढवायची आणि मुलग्यांचे पाय पाहायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आकडे निघाले. दोन्ही जातींत नर आणि मादी जवळजवळ निम्मे-निम्मे. जसे असायला हवेत तसे. आलेखाची उतरती रेघ गेली.

चर्चासभेत पेपर वाचला तो जोडीदाराने. इंग्रजीत, अडखळत, पण एकाही प्रश्नाला न डगमगता. मी शेजारी उभा राहून तक्ते धरले. शेवटी कोणी तरी विचारले की सुरुवातीच्या चार महिन्यांचे आकडे का नाहीत? तो माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, "ते मी चुकीचे ओळखले." सभेत कोणी हसले नाही; दुसरा पेपर पुकारला गेला.

त्या संध्याकाळी आम्ही कँटीनमध्ये गेलो. कुंदा मागवला, त्याच्या पैशांनी. मला माफी मागायची होती आणि शब्द सापडत नव्हते. मी म्हणालो, "त्या अळ्यांच्या दिवशी जरा चुकलंच." तो म्हणाला, "अळ्यांचं काय चुकलं रे? खा आता." 'रे' आला होता. तेवढ्यावर मी निभावून नेले.

तो पुढे धारवाडला एम.एस्सी.ला गेला आणि तिकडेच शिकवू लागला. मी बेळगावातच राहिलो, शिकवले, निवृत्त झालो. वर्षातून दोन-तीनदा फोन होतो. २०१० मध्ये प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आमच्या माशीबद्दल निर्णय दिला, तेव्हा मी त्याला उत्साहाने फोन केला होता. प्रकरण असे, की ड्रोसोफिला हा वंश फार मोठा झाला आहे. तो कधी फोडायचा ठरला तर मूळ नाव नमुना-जातीकडे, म्हणजे फ्युनेब्रिस नावाच्या दुसऱ्याच माशीकडे राहील, आणि मेलानोगास्टर बहुधा 'सोफोफोरा मेलानोगास्टर' होईल. ते टाळण्यासाठी मेलानोगास्टरलाच नमुना-जाती ठरवा, असा अर्ज २००७ मध्ये झाला होता. आयोगाने तो फेटाळला. मी म्हणालो, "बघ, आपली माशी उद्या ड्रोसोफिला राहणार नाही." तो म्हणाला, "कोण म्हणतो? गावात लोक दोन-दोन नावं चालवतात की." चारच वर्षांनी, २०१४ मध्ये, आमच्या गावाचे अधिकृत नाव बदलले. त्या दिवशी मी फोन केला नाही, आणि त्यानेही नाही.

या अंकासाठी लेख हवा म्हणून विभागातली मुले घरी आली, तेव्हा मी कपाट उघडून ती वही काढली. तांबड्या रेघा फिकट पडल्या आहेत, खालचे आकडे अजून वाचता येतात. समासातले 'उपाशी?' पुसट पेन्सिलीत आहे. नोव्हेंबरच्या पानावर ती तारीखही आहे. पुढे फक्त 'बाटली क्र. ७, अळ्या' एवढेच लिहिले आहे. मी काय बोललो ते अर्थात तिथे नाही.

'तुम्हा लोकांना' हे मी त्याच्याजवळ पुन्हा कधीच काढलेले नाही. त्याने तर नाहीच. अंक छापून आला की एक प्रत त्याला धारवाडला पाठवणार आहे. तो आधी कन्नड विभाग वाचील, सावकाश, शेवटपर्यंत. मग चष्मा पुसून इकडची पाने उलटील.